बंदराची जागा शोधताना किनाऱ्याची पाहणी: कोणते काम आधी, कोणते नंतर

बडोद्याहून खंभातच्या आखाताकडे पाहणीला निघालेल्या तुकडीचे सामान बघितले तरी चूक बहुधा तिथेच दिसते. इको साउंडर (आवाजाने पाण्याची खोली मोजणारे यंत्र) घेतलेला असतो, ड्रोन घेतलेला असतो, होडीवाल्याला आगाऊ पैसेही दिलेले असतात. मात्र येणारे जहाज केवढे आणि खोली कोणत्या शून्यापासून मोजायची, याचा कागद कुणाकडेच नसतो. मग आठवडाभर होडी फिरते, रंगीत नकाशा तयार होतो आणि डिझाइनवाल्याच्या टेबलावर पहिल्याच प्रश्नाला अडतो.

जंबुसर, कावी, दहेज ते हजिरा या पट्ट्यात व्यापारी बंदरासाठी जागा पाहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम दिला आहे. कोकणात हात बसलेल्यांनी जरा सावकाश वाचावे. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार्ट डेटमच्या (चार्टवरची खोली जिथून मोजतात त्या शून्याच्या) वर पाचेक मीटर चढते, भावनगरला दहा मीटरच्याही वर जाते. कोकणात खपून जाणारी ढिलाई इथे मीटरात मोजावी लागते.

सगळ्या कामाला किमान एक पूर्ण वर्ष धरा. पावसाळा संपताना कागदी काम, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिली खोली मोजणी, हिवाळ्यात बोअर (तळाखालची जमीन तपासायला घेतलेली छिद्रे), मेपर्यंत दुसरी मोजणी, आणि लाटा-गाळाची उपकरणे पावसाळाभर पाण्यात. “तीन महिन्यांत अहवाल द्या” म्हणणारा मालक भेटला, तर तीन महिन्यांत कोणत्या जागा बाद होतील एवढेच सांगता येईल, असे त्याला लेखी कळवा.

१. किनाऱ्याआधी जहाज ठरवा

मालकाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: माल कोणता, वर्षाला किती टन, आणि सर्वांत मोठे जहाज केवढे. समजा, कोळसा आणणारे पॅनामॅक्स जहाज आहे: लांबी २२५ मीटर, रुंदी ३२ मीटर, भरल्यावर ड्राफ्ट (जहाजाचा पाण्याखाली बुडणारा भाग) १४ मीटर. त्यावरून पहिला अंदाज असा निघतो:

- जहाजाच्या तळाखाली मोकळे पाणी ड्राफ्टच्या १० ते १५ टक्के. म्हणजे एकूण खोली १५.४ ते १६.१ मीटर, १६ धरा.
- एकेरी चॅनेलची (जहाज आत आणायच्या खोल वाटेची) रुंदी जहाजाच्या रुंदीच्या पाचपट, म्हणजे १६० मीटर. आखातातला आडवा प्रवाह पाहता २०० धरा.
- जहाज वळवायला लांबीच्या दुप्पट व्यासाचे वर्तुळ, म्हणजे ४५० मीटर.

हे आकडे जागा गाळण्यापुरते. अंतिम डिझाइनला पियांक या जलवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०१४ चा १२१ क्रमांकाचा मार्गदर्शक अहवाल वापरा.

आता एक हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चॅनेल ५ किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद असेल, तर तळाचे क्षेत्रफळ १० लाख चौरस मीटर होते. नैसर्गिक खोली १२ मीटर असेल आणि १६ हवी असेल, तर ४० लाख घनमीटर उपसा. आणि खोलीच्या मोजणीत १० सेंटिमीटरची चूक म्हणजे १ लाख घनमीटर. पुढची प्रत्येक चूक याच मापाने मोजायची आहे.

भरतीचा फायदा घेतला तर उपसा कमी होतो. पाणी ४ मीटर चढल्यावरच जहाज आत आणायचे ठरवले, तर वरच्या उदाहरणात चॅनेल खोदावाच लागत नाही. इथे भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीलाही पाणी तेवढे चढते.

सावधान: ही सवलत फक्त चॅनेलला आहे. धक्क्याला लागलेले जहाज ओहोटीलाही तिथेच असते, त्यामुळे धक्क्यासमोरच्या खड्ड्याची खोली चार्ट डेटमपासून पूर्ण हवी. हे दोन आकडे एकत्र करणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

२. नकाशांवर जागा गाळा

या टप्प्यावर एक लिटरही डिझेल जळता कामा नये. नौदलाच्या डेहराडून येथील हायड्रोग्राफिक ऑफिसचे ताजे चार्ट घ्या, आणि त्याच भागाचे जुने मिळतील तेवढे चार्टही घ्या. चार्टच्या कोपऱ्यात मूळ मोजणीचे वर्ष दाखवणारी छोटी आकृती असते, ती आधी वाचा. चार्ट काल छापलेला असला तरी त्यातली खोली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असू शकते. आखातातले वाळूचे बांध सरकतात, नर्मदेच्या मुखाशी आलिया बेटाभोवतीच्या वाटा बदलतात. जुन्या-नव्या चार्टवर १० मीटर खोलीची रेषा एकमेकींवर ठेवा. दोन्ही वेळा रेषा जिथे जवळपास एकाच जागी आहे, ते पट्टे यादीत घ्या.

मग उपग्रहचित्रे. लँडसॅटची १९७२ पासूनची आणि सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची चित्रे फुकट मिळतात. इथे एक मेख आहे. एखाद्या ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटीची वेळ घड्याळात साधारण ठरलेली असते, आणि हे उपग्रह डोक्यावरून जातात ते सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारासच. त्यामुळे सर्वांत खालचे पाणी त्यांच्या नजरेला कधी पडतच नाही, असे होऊ शकते. प्रत्येक चित्रासमोर त्या मिनिटाची भरतीची पातळी लिहा. २००० सालचे भरतीतले आणि २०२० सालचे ओहोटीतले चित्र शेजारी ठेवून “किनारा पुढे सरकला” असे म्हणणारे अहवाल कमी नाहीत.

तिसरी चाळणी कायद्याची. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार कांदळवन, चिखलवट, कासवांच्या विणीच्या जागा कुठे येतात ते याच वेळी पाहा. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचा संरक्षक पट्टा लागतो. खंभातचे आखात गंभीर धोक्यातील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे, म्हणून “नंतर बघू” ही भाषा इथे महागात पडते. समुद्रातल्या गॅस-तेलाच्या पाइपलाइन, केबल आणि अस्तित्वातल्या बंदरांच्या हद्दीही याच नकाशावर आणा.

आठ-दहा पट्टे घेऊन बसलात तर उठताना हातात तीन किंवा चार उरले पाहिजेत. सगळेच उरले, तर चाळणी लावलीच नाही असे समजा.

३. ओहोटीला पायी पाहणी

उरलेल्या जागा उधाणाच्या दिवसांत बघा, म्हणजे तळ जास्तीत जास्त उघडा दिसतो. कावी-कंबोईचे स्तंभेश्वर मंदिर भरतीत पाण्याखाली जाते, हे बडोद्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण त्याच वेगाने पाणी आपल्या पाठीमागच्या ओहळात शिरते, हे चिखलात उभे असताना लक्षात राहत नाही.

बरोबर घ्यायचे: हातातला जीपीएस, पाच फूट लांबीची टोकदार सळई, नमुन्यांसाठी जाड पिशव्या आणि न पुसणारे मार्कर, तीस मीटर दोर, चिखलात टाकायला दोन फळ्या, तोंडाने वाजवायची शिट्टी. गमबूट नकोत. चिखल ते पायातून ओढून घेतो. घोट्याला घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट बरे.

बघायचे काय? सळई किती खोल जाते. चिखल नुसता मऊ आहे की खाली कठीण थर लागतो. भरतीची सर्वांत वरची खूण कुठवर आहे. काठाला ताजा तुटलेला कडा आहे की उतरती, गवत धरलेली माती. विजेच्या खांबाचा किंवा झाडाच्या मुळांचा पाया उघडा पडलेला दिसला तर त्याचा फोटो, स्थान आणि दिशा नोंदवा. धूप सांगणारा इतका स्वस्त पुरावा दुसरा मिळत नाही.

स्थानिक टंडेलांशी बोला, आणि गुजरातीतच बोला. “इथे पाणी खोल आहे का” असे विचारले तर “हो” एवढेच उत्तर येते. “जाळे कुठे फाटते, भरलेली होडी कुठे टेकते, पावसाळ्यानंतर वाट कुठून बदलावी लागते” असे विचारा. जाळे फाटते तिथे खडक, बुडालेली होडी किंवा जुना नांगर असतो, आणि साइड स्कॅन सोनार (आवाजाने तळाचे चित्र काढणारे यंत्र) आधी तिथेच फिरवायचा.

सावधान: उतरत्या पाण्याच्या मागोमाग आत जा आणि पाणी सर्वांत खाली पोहोचण्याच्या अर्धा तास आधीच परत फिरा. काठावर एक माणूस घड्याळ आणि शिट्टी घेऊन बसलेला हवाच. त्याने दुसरे काहीही काम करायचे नाही.

४. शून्य पक्के करा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, आणि सगळ्यात कमी वेळ याच टप्प्याला दिला जातो.

इथे तीन वेगवेगळी शून्ये नांदतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरची (उंची पक्की नोंदलेल्या खुणेवरची) उंची सरासरी समुद्रपातळीपासून असते. नौकानयनाचा चार्ट त्याहून बऱ्याच खालच्या चार्ट डेटमपासून खोली सांगतो. जीएनएसएस (जीपीएससारखा उपग्रहांवरून स्थान सांगणारा) रिसीव्हर तिसऱ्याच, गणिती पृष्ठभागापासून उंची देतो, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तो आकडा समुद्रपातळीपासून पन्नास मीटरहून अधिक वेगळा असतो. पन्नास मीटरचा घोळ लगेच पकडला जातो; चार-पाच मीटरचा मात्र खपून जातो, कारण तो खोलीसारखाच दिसतो. शिवाय आखातात आत जावे तशी भरती वाढते, म्हणून चार्ट डेटमही सरासरी पातळीच्या अधिकाधिक खाली जातो. भावनगरचा फरक उचलून दहेजला लावता येत नाही.

क्रम असा ठेवा:

पहिले, जागेजवळ काँक्रीटचे तीन बेंचमार्क घाला, एकमेकांपासून निदान काहीशे मीटर लांब आणि भरतीच्या रेषेच्या वर. एकच घातला आणि ट्रकने तो हलवला, तर वर्षाचे काम हवेत लटकते.

दुसरे, दुहेरी लेव्हलिंग (जाता-येता दोनदा उंची मोजणे) करून ते सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कला जोडा.

तिसरे, टाइड गेज (पाण्याची पातळी नोंदणारे यंत्र) बसवा. ते ओहोटीतही कोरडे पडता कामा नये. उथळ चिखलवटीवर एकच मोजपट्टीचा खांब उभा करून भागत नाही. उतारावर पायऱ्यांसारखे दोन-तीन खांब लावा आणि त्यांच्या पट्ट्या एकमेकींवर निदान अर्धा मीटर चढू द्या. पाण्याखाली ठेवायचे दाबाचे गेज वापरत असाल तर दोन दुरुस्त्या विसरू नका. हवेचा दाब १ मिलिबारने बदलला की वाचन सुमारे १ सेंटिमीटरने बदलते. आणि गेज पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर धरून बसले असेल, पण गाळामुळे ती १०३५ झाली असेल, तर १० मीटर पाण्याच्या स्तंभात १० सेंटिमीटर जास्त दिसतात. रडार गेज मिळाले तर हा त्रास वाचतो.

चौथे, निदान ३० दिवस सलग नोंद घ्या, म्हणजे दोन उधाणे आणि दोन भांग त्यात येतात. मात्र महिन्याच्या नोंदीत काही जवळजवळचे घटक एकमेकांत मिसळलेलेच राहतात. ते सुटे करायला सुमारे सहा महिन्यांची नोंद लागते. म्हणून महिन्याच्या निकालावर काम सुरू करा, पण गेज काढू नका.

आता घड्याळ. भरती-ओहोटीत ८ मीटरचा फरक असेल तर मधल्या तासांत पाणी ताशी सुमारे २ मीटर चढते. गेजचे घड्याळ आणि होडीवरचे घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक राहिला, तर खोलीत सुमारे ३३ सेंटिमीटरची चूक. वहीच्या पहिल्या पानावरच्या हिशेबाने ती ३.३ लाख घनमीटर. जीएनएसएसची वेळ आंतरराष्ट्रीय असते आणि गेज भारतीय वेळेवर लावलेले असते. साडेपाच तासांचा तो घोळ तर भरतीच्या जागी ओहोटी आणून ठेवतो.

तपासा: भरती मध्यावर असल्यापासून पाणी वर थबकेपर्यंत एका माणसाने खांबावरची पातळी दर ५ मिनिटांनी वाचावी. ती नोंद गेजच्या नोंदीवर ठेवा. दोन वक्र आडवे सरकलेले दिसले तर घड्याळ चुकले, उभे सरकलेले दिसले तर शून्य चुकले.

५. खोली मोजणी

आता होडी.

जागा गाळताना सिंगल बीम (होडीखाली एकच झोत सोडणारा साउंडर) पुरतो. रेषा किनाऱ्याला काटकोनात, १०० ते २०० मीटर अंतराने घ्या, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा ठेवा. अंतिम एक-दोन जागांवर मल्टिबीमने (एकाच वेळी रुंद पट्टा मोजणाऱ्या साउंडरने) पूर्ण तळ झाका. अचूकतेसाठी आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या एस-४४ मानकातली श्रेणी करारातच लिहा: १५ मीटर खोलीला विशेष श्रेणीत उभी चूक सुमारे २७ सेंटिमीटरपर्यंत चालते, १-अ श्रेणीत सुमारे ५४. नुसते “मानकानुसार” लिहिले की ठेकेदार सोयीची श्रेणी निवडतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

रोज सकाळी बार चेक करा. साउंडरखाली धातूची पाटी २, ४, ६ मीटरवर सोडायची आणि यंत्र तेवढेच दाखवते का ते पाहायचे. प्रवाहात पाटी वाहून तिरकी होते, म्हणून हे पाणी थबकते त्या वीस-पंचवीस मिनिटांतच करा. मल्टिबीम असेल तर काम सुरू करण्यापूर्वी पॅच टेस्ट (यंत्र बसवताना राहिलेला तिरकेपणा शोधणारी चाचणी), आणि यंत्राला धक्का लागला की पुन्हा पॅच टेस्ट.

पाण्यातल्या आवाजाचा वेग दिवसातून निदान तीनदा, वरपासून तळापर्यंत मोजा. २८ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०५ मीटर असतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १५४० मीटर. नर्मदेच्या मुखाजवळ ओहोटीत नदीचे पाणी येते आणि भरतीत समुद्राचे. सकाळचा वेग संध्याकाळी वापरला तर १५ मीटर खोलीत ३०-३५ सेंटिमीटरपर्यंत चूक जाऊ शकते.

उधाणाच्या दिवसांत प्रवाह इतका ओढतो की होडी रेषेवर राहत नाही. खोल चॅनेलच्या रेषा भांगाच्या दिवसांत घ्या. उथळ चिखलवट मात्र उधाणाच्या भरतीत होडीने मोजा आणि त्याच पंधरवड्यात उधाणाच्या ओहोटीत ड्रोनने. दोन्ही मोजण्या जिथे एकमेकींवर चढतात, तो पट्टा म्हणजे शून्य, घड्याळ आणि आवाजाचा वेग या तिन्हींची फुकट परीक्षा आहे. तिथे १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका.

सावधान: आखातात तळाशी द्रवरूप चिखलाचा थर असू शकतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्याच्या वरून परततो, ३३ किलोहर्ट्झचा आत शिरून खालच्या थरावरून परततो. दोन वाचनांत मीटरभर फरक दिसला तर सरासरी काढू नका. दोन्ही नोंदवा आणि घनता मोजा. काही बंदरांत १२०० किलो प्रति घनमीटरपर्यंतचा चिखल जहाजाला चालणारे पाणी धरतात. तसे धरायचे की नाही हा निर्णय बंदर चालवणाऱ्याचा, सर्वेक्षकाचा नव्हे.

६. प्रवाह आणि लाटा

धक्क्याच्या नियोजित रेषेवर आणि चॅनेलच्या वळणावर तळाशी एडीसीपी (आवाजाने प्रवाहाचा वेग आणि दिशा मोजणारे यंत्र) ठेवा. प्रत्येक ठिकाणी किमान १५ दिवस, म्हणजे एक उधाण आणि एक भांग. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. वेगापेक्षा दिशेकडे जास्त लक्ष द्या. भरतीचा आणि ओहोटीचा प्रवाह नेमका समोरासमोर क्वचितच असतो. मध्ये दहा-वीस अंशांचा फरक निघतो आणि धक्क्याची रेषा त्या दोघांत तडजोड करून ठरते. पाच नॉटच्या प्रवाहात धक्का १५ अंश तिरका राहिला, तर सव्वा नॉटहून अधिक प्रवाह जहाजाच्या कुशीवर येतो आणि बांधलेले दोर ताणतो.

लाटांसाठी आखाताच्या तोंडाकडे वेव्हरायडर बॉय (लाटा मोजणारा तरंगता गोळा) वर्षभर हवा. बरेच जण तो मेअखेरीस काढून घेतात, कारण पावसाळ्यात तो हरवण्याची भीती असते. पण ज्या लाटांसाठी तो टाकला, त्या जून ते सप्टेंबरमध्येच येतात. चक्रीवादळांचा हिशेब वर्षभराच्या मोजणीतून निघत नाही. १९९८ चे कांडला किनाऱ्यावरचे आणि मे २०२१ चे तौक्ते यांसारखी जुनी वादळे मॉडेलमध्ये चालवून लाट आणि पाण्याचा फुगवटा काढावा लागतो.

७. गाळ: जागा इथेच ठरते

चॅनेल खोदणे हा एकदाचा खर्च. तो दरवर्षी किती भरणार, यावर बंदर चालते की बंद पडते. वर्षाला सरासरी १ मीटर गाळ बसला तर आपल्या उदाहरणात दरवर्षी १० लाख घनमीटर उपसा. घोघा–दहेज रो-रो (वाहनांसकट नेणारी) फेरी २०१७ मध्ये सुरू झाली. दहेजच्या बाजूला गाळाने खोली अपुरी पडू लागल्याने ती थांबली आणि २०२० पासून फेरी घोघा–हजिरा अशी चालू लागली. खंभातचे जुने बंदर तर गाळानेच संपले.

मोजायचे ते असे. एकाच जागी नांगर टाकून सलग १३ तास, दर तासाला, पृष्ठभाग, मध्य आणि तळापासून अर्धा मीटर वर, अशा तीन पातळ्यांवर पाण्याचे नमुने घ्या. एकदा उधाणाला, एकदा भांगाला, आणि हे सगळे तीन ऋतूंत. फक्त दिवसा आणि फक्त वरचे पाणी भरलेल्या बाटल्या कितीही जमवल्या तरी उपयोग नाही, कारण निम्म्याहून जास्त गाळ तळालगत वाहत असू शकतो. गढूळपणा मोजणारा सेन्सर लावत असाल तर तो त्याच जागेच्या गाळावर कॅलिब्रेट करा. दुकानातून आलेली कॅलिब्रेशन दुसऱ्याच मातीची असते. तळाचे नमुने ग्रॅबने (जबड्यासारख्या पकडीने), चॅनेलच्या लांबीभर दर ५०० मीटरला.

जुन्या मोजणीवर विसंबताना नदीचे काय झाले तेही विचारा. सरदार सरोवरानंतर नर्मदेच्या मुखाशी येणारे पाणी आणि गाळ पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि भाडभूत येथील बराज (दारे असलेला बंधारा) त्यात आणखी बदल करील. १९८० च्या दशकातला गाळाचा दर आजच्या मॉडेलमध्ये घातला, तर उत्तर नीटनेटके येईल, फक्त चुकीच्या नदीचे.

गणिती मॉडेल पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेसारख्या संस्थेकडून करून घेता येते. पण मॉडेलवर स्वाक्षरी करण्यापूर्वी शक्य असेल तर चाचणीचा खड्डा खोदा: चॅनेलच्या जागी साधारण १०० मीटर लांब-रुंद आणि २ मीटर खोल. दर पंधरा दिवसांनी त्याचीच खोली मोजा, पावसाळ्यासकट. मालक खर्चावरून कुरकुरतो. त्याला वर्षाचे १० लाख घनमीटर दाखवा.

तपासा: मॉडेलने चाचणीच्या खड्ड्याचा भरण्याचा दर दुपटी-निमपटीच्या आत सांगितला, तर ते कामाचे. गाळाच्या बाबतीत याहून जास्त अचूकतेचा दावा कुणी केला तर कच्ची आकडेवारी मागा.

८. तळाखालची जमीन

आधी सब-बॉटम प्रोफायलर (आवाजाने तळाखालचे थर दाखवणारे यंत्र) फिरवा, मग बोअरच्या जागा ठरवा. उलटे केले तर बोअर नेमके जुन्या नदीच्या बुजलेल्या पात्राच्या दोन्ही बाजूंना पडतात आणि पात्र सुटते. जागा गाळताना प्रत्येक ठिकाणी तीन-चार बोअर, अंतिम जागेवर धक्क्याच्या रेषेत दर ५० ते १०० मीटरला एक. खडक लागला तर त्यात निदान तीन ते पाच मीटर शिरा. मोठा गोटा आणि खडक यांत फरक तेव्हाच कळतो.

जॅक-अप बार्ज (तळावर पाय टेकून पाण्याच्या वर उभी राहणारी होडी) मागवताना पायांची लांबी स्वतः मोजा. चार्ट डेटमखाली १० मीटर पाणी, त्यावर १० मीटर भरती, वर ३ मीटर मोकळी जागा, तळात पाय रुतण्यासाठी ५ मीटर: झाले २८. मऊ चिखलात पाय आणखी खचतात. पंचवीस मीटरचे पाय घेऊन आलेली बार्ज भाडे खात उभी राहते.

सैल, बारीक वाळूचे थर वेगळे नोंदवा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कांडला बंदराची मनोऱ्यासारखी इमारत कलली ती अशाच जमिनीतल्या द्रवीकरणामुळे, म्हणजे हादऱ्यात ओली वाळू पातळ झाल्यामुळे.

९. पाठीमागची जमीन आणि परवानग्या

समुद्राकडे तोंड करून बसलेल्यांची पाठ इकडे असते. धक्क्यामागे सलग जमीन, रस्ता, रेल्वेचा फाटा, वीज आणि गोडे पाणी पाहा. भरूच–दहेज रेल्वेपासूनचे अंतर नकाशावर सरळ रेषेत न मोजता वळणांसकट आणि पुलांसकट मोजा. जमिनीची उंची आणि भरतीच्या सर्वांत वरच्या पातळीची उंची एकाच शून्यावर आणा. चौथा टप्पा नीट केला असेल तर हे काम दहा मिनिटांचे आहे.

वर्षाला ५० लाख टन किंवा जास्त माल हाताळणारे बंदर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत अ वर्गात येते आणि मंजुरी केंद्राकडून घ्यावी लागते. भरतीरेषा आणि सीआरझेड १:४००० नकाशावर फक्त अधिकृत संस्थेकडूनच आखून घ्या. पाहणीच्या होड्या आणि ड्रोन फिरवण्यापूर्वी गुजरात मेरीटाइम बोर्ड, तटरक्षक दल, जिल्हा प्रशासन आणि जवळचे बंदर यांना कळवा. मच्छीमार मंडळींनाही कळवा, नाहीतर तुमचा टाइड गेजचा खांब एका रात्रीत होडी बांधायचा खांब होतो.

१०. तुलना

सगळ्या जागांना शंभरपैकी गुण देऊन बेरीज मांडण्याचा मोह टाळा. गाळात नापास झालेली जागा जमीन, रस्ता आणि विजेच्या गुणांवर पहिली येते, हे अशा तक्त्यांत हटकून घडते. आधी बाद करणाऱ्या अटी लिहा: वार्षिक उपसा अमुक घनमीटरच्या वर, धक्क्यावरचा आडवा प्रवाह अमुक नॉटच्या वर, जागा कांदळवनात, वळणाच्या वर्तुळात पाइपलाइन. एकही अट मोडली की जागा बाद, बाकी गुण कितीही असोत. उरलेल्यांनाच गुण द्या, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो मोजलेला आहे की अंदाजाचा आहे हे लिहा.

अहवालासोबत कच्ची नोंद द्या: गेजचे वाचन, आवाजाच्या वेगाचे प्रोफाइल, बार चेकच्या वह्या, बोअरच्या पेट्यांचे फोटो. पहिल्या पानावर एकाच ओळीत शून्य कोणते, ते बेंचमार्कच्या किती खाली आहे आणि वेळ कोणती वापरली ते लिहा.

अहवाल जाण्याआधी, पावसाळा ओसरल्यावरच्या पहिल्या भांगाला होडी पुन्हा काढा आणि निवडलेल्या जागेवरच्या फक्त तीन जुन्या रेषा पुन्हा चालवा. त्याच साउंडरने, त्याच बेंचमार्कवरून. फरक अर्ध्या मीटरच्या वर निघाला, तर छापखान्याला दोन दिवस थांबायला सांगा आणि सातव्या टप्प्याची वही पुन्हा उघडा.